नरसाळ्यातला गूळ

कसब्यातल्या तांबट आळीत हेमलताबाईंना भांडं उसनं द्यायला लोक कचरतात. त्या भांडं बुडवतील म्हणून नव्हे, परत करतील म्हणून. त्यांना वाटीभर साखर द्यावी, तर वाटी परत येताना चटणी घेऊन येते. मग चटणीची वाटी रिकामी कशी पाठवायची म्हणून शेजारीण तीत लोणचं घालते, लोणच्याच्या बदल्यात इकडून शंकरपाळे जातात आणि एकदा सुरू झालेलं हे प्रकरण दिवाळीपर्यंत मिटत नाही. मागे त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या चपला मापात बसल्या नाहीत. परत पाठवायच्या खोक्यात बाईंनी चार बेसनाचे लाडू ठेवून दिले. न्यायला आलेल्या माणसाने खोकं हलवून पाहिलं.

"काकू, आत काहीतरी गडगडतंय."

"गडगडू दे. परत द्यायची वस्तू तशीच कोरडी पाठवत नाहीत आमच्यात."

"अहो, पण हे कंपनीचं आहे."

"मग कंपनीत काय माणसं नसतात?"

त्या लाडवांचं पुढे काय झालं ते कंपनीलाच ठाऊक. चपलांचे पैसे मात्र बिनबोभाट जमा झाले आणि बाईंचा आपल्या पद्धतीवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

त्यांचं माहेर खडकीचं. वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि घर तिथल्याच क्वार्टर्समध्ये. एका ओळीत तमिळ, पंजाबी, मल्याळी आणि मराठी बिऱ्हाडं. भाषा कुणाची कुणाला धड येत नसे, पण वाट्या मात्र या दारातून त्या दारात सुखाने फिरत. हेमलताबाईंच्या आईने तिथे एकच नियम घालून दिला होता, की घरातून भांडं रिकामं जाता कामा नये. मुलीने तो नियम लग्नात आंदण मिळाल्यासारखा कसब्यात आणला. शाळेत त्यांना सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत, कारण शिक्षिकेने धडा संपवला की हिचे प्रश्न सुरू होत. ती सवयही त्यांच्याबरोबर सासरी आली. नवरा मिळाला रामदास, पिढीजात तांबट. दिवसभर तांब्यावर ठोके घालणारा आणि स्वतः जेमतेम चार वाक्यं बोलणारा. तीही तिरकी. भांड्यांना लखलखीत करण्याचं काम बाईंकडे होतं, आणि प्रश्न विचारण्याचंही.

अशा घरात एका मार्च महिन्यात चिलेशे आली.

तिला घेऊन आला वरच्या मजल्यावरचा आमोद. तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. चिलेशे झांबियातल्या किटवे गावची, तिकडे शाळेत विज्ञान शिकवणारी. रेडिओ खगोलशास्त्राच्या अभ्यासासाठी वर्षभर पुण्यात होती. तेवढ्या काळात 'काकू', 'बास' आणि 'तिखट नको' एवढं मराठी तिला पक्कं येऊ लागलं होतं. बाकीचं आमोद भाषांतर करून सांगायचा.

"काका, एक कर्णा करून हवाय," आमोद म्हणाला. "आकाशगंगेतला हायड्रोजन अगदी क्षीण रेडिओ लहरी सोडतो. त्या गोळा करायला रुंद तोंडाचा, खाली निमुळता होत डब्यात संपणारा..."

"नरसाळं म्हणा ना," रामदास म्हणाला. "आकाश ओतायचंय, एवढंच ना?"

बाई हातातली चिंच ठेवून पुढे सरसावल्या. आफ्रिकेत दुर्बिणी? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं विचारायला त्या कधी लाजल्या नाहीत. चिलेशेलाही तेच हवं होतं. चहा गार होईपर्यंत ती बोलत राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या माळरानावर जगातली एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहतेय, तिच्या कामात पुण्यातल्या लोकांचाही हात आहे आणि झांबिया तिच्या भागीदार देशांपैकी एक आहे. घानात दूरसंचाराची एक जुनी तबकडी निकामी पडली होती, तिचीच त्यांनी दुर्बीण केली. केनियाने पिकं आणि पूर पाहायला स्वतःचा उपग्रह सोडला. खंडातल्या सगळ्या देशांनी मिळून दहा वर्षांपूर्वी एक अवकाश धोरण ठरवलं, आणि गेल्या वर्षी कैरोत सगळ्यांची मिळून एक अवकाश संस्था सुरूही झाली.

"सगळ्यांची मिळून?" बाईंना राहवेना. "आमच्या सोसायटीत गच्चीच्या नळावर एकमत होत नाही!"

मग चिलेशे जरा थांबली. साठ वर्षांपूर्वी, देश नुकता स्वतंत्र होत असताना, तिच्याकडच्या एका शिक्षकाने माणसं चंद्रावर पाठवायची म्हणून जाहीर केलं होतं. तयारी म्हणून तो पोरांना तेलाच्या पिंपात बसवून टेकडीवरून गडगडवत सोडायचा. परदेशी वार्ताहर आले, फोटो काढले आणि सगळं जग पोट धरून हसलं. "अजून हसतात," ती म्हणाली. "झांबिया आणि अवकाश म्हटलं, की आधी तेच काढतात."

तिचं म्हणणं साधं होतं. किटवे हे तांब्याच्या खाणींचं गाव. पायाखाली तांबं, पत्रा ठोकणारे कारागीर गल्लोगल्ली, आणि शाळांना मात्र साधं उपकरण बाहेरून मागवावं लागतं. तिथल्या सहा शाळांना हाताने घडवलेले तांब्याचे कर्णे द्यावेत असा प्रस्ताव तिने राजधानी लुसाकाच्या शिक्षण समितीपुढे ठेवला होता. समितीची अट एकच होती. एक नमुना करा, आणि त्यातून आकाशगंगा ऐकू येते हे आमच्या डोळ्यांदेखत दाखवा. ऐकू आली तर सहा शाळांना कर्णे मिळतील, नाही आली तर विषय संपला. एप्रिलअखेरच्या एका सोमवारी ऑनलाइन बैठक ठरली होती.

रामदासने काम घेतलं. असा उत्साह त्याच्या अंगात बाईंनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पत्रा कापला, वळवला, सांधे झाळले, म्हणजे डाग देऊन पक्के केले, खाली पातेल्याएवढा डबा जोडला. त्या डब्यात बाजूच्या भोकातून बोटभर तार आत गेली होती. खरा कान तो, असं आमोद म्हणाला. शेवटी रामदासने सवयीप्रमाणे सगळ्या पत्र्यावर मठार धरला, म्हणजे हातोडीचे एकाशेजारी एक, सारखे, चमकदार ठोके. आमोद ते पाहून चपापला. आतून गुळगुळीत हवा होता ना?

"मठाराशिवाय भांडं आमच्या घरातून गेलेलं नाही," रामदास म्हणाला. "पत्रा ताठ राहतो. तुमची आकाशगंगा काय पाय घसरून पडणार आहे?"

चिलेशेने हिशोब केला आणि मान डोलावली. ज्या लहरी पकडायच्या त्या वीतभर लांबीच्या होत्या, त्यांना एवढ्या बारीक खळग्यांचं सोयरसुतक नव्हतं.

नरसाळं गच्चीवर न्यायच्या दिवशी हेमलताबाईंनी त्याला चिंच-मिठाने असं घासलं की बघणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसावा. रामदास नरसाळ्याच्या तोंडावर बसवायला थर्मोकोलचा पत्रा आणायला आत गेला. रेडिओ लहरी थर्मोकोलमधून आरपार जातात आणि कबुतरं जात नाहीत, म्हणून ती सोय होती. दारात नवं कोरं भांडं, परदेशची पाहुणी ते न्यायला उभी, आणि भांडं रिकामं! बाईंचा जीव राहीना. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यातून गुळाचा चांगला नारळाच्या वाटीएवढा खडा काढला, हात लांब करून नरसाळ्याच्या पार बुडाशी ठेवला आणि मनात म्हणाल्या, गोड होऊ दे गं बाई तुझं. तेवढ्यात रामदास आला आणि त्याने थर्मोकोल बसवून कडेने चिकटपट्टी मारली. सांगायचं बाईंच्या मनातही आलं नाही. ताटाखाली पाट ठेवला हे कुणी सांगतं का?

गच्चीवर नरसाळं आकाशाकडे तोंड करून उभं राहिलं. तारेला रिसीव्हर जोडला, रिसीव्हरला लॅपटॉप. चिलेशेने सांगितलं, की पडद्यावर एक सपाट रेघ दिसेल आणि तिच्यावर एका ठरलेल्या जागी टेकडीसारखा उंचवटा येईल. तो उंचवटा म्हणजे आकाशगंगा.

रेघ दिसली, उंचवटा मात्र आला नाही.

दुसऱ्या दिवशीही आला नाही. केबल बदलली, रिसीव्हर बदलला, बुधवार पेठेतून आमोद नवा अँप्लिफायर घेऊन आला. रेघ सपाट ती सपाटच. मग हळूहळू सगळ्यांचं बोट मठाराकडे वळलं. आमोद स्पष्ट बोलला नाही, पण "खळग्यांचं काहीतरी असेल" असं पुटपुटला, आणि आळीत ते पसरायला तेवढं पुरलं. समोरच्या शेजाऱ्याने रामदासला विचारलं, "काय रे, नरसाळ्याला आकाश गळतंय म्हणे?" रामदास ठोके घालत राहिला. जेवतानाही बोलला नाही, पण नेहमीचं न बोलणं आणि हे न बोलणं यातला फरक बाईंना कळत होता. त्याच्या हातून गेलेलं काम परत आल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

चिलेशेला समितीला खरं कळवावं लागलं, की नमुना चालत नाही, कारण अजून सापडलेलं नाही, कदाचित हाताने ठोकलेला पत्रा. उत्तर आलं की सोमवारची बैठक होईल, पण तयार अँटेना बाहेरून मागवण्याचा पर्यायही तेव्हाच विचारात घेऊ. ते वाचून तिचा चेहरा उतरला. "हसतील," एवढंच ती म्हणाली.  पोरगी एवढ्या लांबून आली, आणि ज्या हसण्याला ती भीत होती ते आपल्याच आळीत आधी सुरू झालं, याचा बाईंना मनस्वी राग आला.

रविवारी दुपारी त्या कुरडया उचलायला गच्चीवर गेल्या. उन्हाने पाय भाजत होते. कुरडयांच्या चादरीजवळून मुंग्यांची एक जाड रांग चालली होती. "आल्या मेल्या!" म्हणत बाईंनी चादर झटकली. पण मुंग्या कुरडयांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. रांग सरळ पुढे गेली, नरसाळ्याच्या तिवईवर चढली आणि जिथून तार आत जात होती तिथल्या बारीक फटीत शिरली. तितकीच दुसरी रांग आतून बाहेर येत होती.

बाई वाकून फटीपाशी गेल्या.

"अगं बाई! गूळ!"

क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात आलं, की कुणी नाही वर, थर्मोकोल काढावा, पुसून टाकावं आणि गप्प राहावं. उद्या चाललं तर देवाची कृपा म्हणता येईल. पण खाली नवरा मान खाली घालून बसला होता. त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि खडकीच्या मैदानावर हाक मारावी तशा ओरडल्या, "अहो! आमोद! चिलेशे! सगळे वर या! मठाराचं काही नाही, मी घाण केलीय!"

थर्मोकोल निघाला. उन्हाने गूळ पातळ होऊन डब्याच्या बुडाशी पसरला होता, तारेला गच्च चिकटला होता, आणि त्यावर मुंग्यांचं गावजेवण चाललं होतं. आमोद आत डोकावून हसत सुटला. तार ओल्या गुळात बुडालेली असताना आलेला क्षीण सिग्नल तिथेच जिरत होता. आठवडाभर आकाशगंगा रोज येत होती आणि गुळात फसत होती. चिलेशे खाली बसली. हसते आहे की रडते आहे ते बाईंना कळेना. बाई स्वतः मात्र खुशाल रडत होत्या. रामदासने बोटाने गूळ चाखून पाहिला.

"कोल्हापुरी आहे," तो म्हणाला. "आकाशगंगेला चांगला दिलास."

संध्याकाळभर गरम पाण्याने धुणं चाललं. तार काढावी लागली, ती सोमवारी सकाळी रामदासने नव्याने झाळली. त्यामुळे नरसाळं चालतंय की नाही हे पाहायला वेळच उरला नाही. जे दिसायचं ते आता समितीसमोरच.

बैठक भर दुपारी होती. सगळं पुणं पंखा लावून आडवं झालेलं, आणि हे चौघं गच्चीवर चादरीच्या सावलीत लॅपटॉपला घेरून बसलेले. "दुपारी कशी दिसणार आकाशगंगा?" बाईंनी विचारलं, तर चिलेशेने बोट सरळ वर, जरा उत्तरेकडे केलं. ती आत्ता तिथेच आहे, उन्हामुळे डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओला ऊन आडवं येत नाही. बाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. पांढरं फटफटीत आकाश, आणि त्याच्या पलीकडे भरदिवसा एवढं मोठं प्रकरण पसरलेलं! 

पडद्याच्या एका बाजूला लुसाकातली माणसं दिसत होती. मधोमध अध्यक्ष मुलेंगाबाई, केस पिकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. दुसऱ्या बाजूला रेघ होती. सपाट. चिलेशेचा हात बाईंनी घट्ट धरला. रेघ जरा थरथरली. मग मधेच एक फुगवटा आला, बसला, पुन्हा आला. आणि मग तो हटेना. वाढत वाढत टेकडी झाली, अगदी पर्वतीसारखी, ठसठशीत.

"आली!" आमोद किंचाळला. "काका, आली!"

रामदासने टोपी काढली आणि पुन्हा घातली. काय करावं ते त्याला सुचलं नसावं. बाई टाळ्या पिटत होत्या. लुसाकाकडेही टाळ्या झाल्या.

पण तिकडच्या एका सदस्याने हात वर केला. गेल्या आठवड्यात नव्हतं, आज आहे, हे कसं? असं लहरी उपकरण शाळांना कसं द्यायचं? हाताने ठोकलेल्या पत्र्याचा हाच घोटाळा असतो. त्यापेक्षा तयार माल मागवू.

चिलेशे गप्प झाली. आमोदने हळूच सांगितल्यावर बाईंना प्रश्न कळला, आणि चिलेशेचं गप्प होणंही कळलं. पिंपात गडगडणाऱ्या पोरांवर जग साठ वर्षं हसतंय. आता दुर्बिणीत गूळ सापडला असं सांगायचं? त्याच समितीसमोर?

हेमलताबाई पदर खोचून कॅमेऱ्यासमोर आल्या.

"आमोद, मी बोलते, तू सांग त्यांना. एक शब्द गाळू नकोस." आणि त्यांनी मराठीत सुरुवात केली. "पत्र्याची चूक नाही. ह्यांच्या हाताची नाही, तुमच्या मुलीची तर नाहीच. मी आत गूळ ठेवला होता. आमच्या घरातून भांडं रिकामं जात नाही, म्हणून. दुर्बिणीलाही मी भांडंच समजले. हसायचं असेल तर मला हसा, माझं वय झालंय, मला चालतं. पण त्या पोरांचे कर्णे काढून घेऊ नका."

आमोदने शब्द न् शब्द सांगितला.  पलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि मुलेंगाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच थांबलं. मग त्या चिलेशेशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. चिलेशेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"काकू," ती म्हणाली, आणि तिचं पुढचं इंग्रजी आमोदने मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, माझ्या आजीकडे शेजाऱ्यांची टोपली आली तर ती शेंगदाणे घातल्याशिवाय परत जात नसे. मीही तेच केलं असतं. सहाही शाळांना कर्णे मंजूर. आणि सूचनापत्रात पहिलं वाक्य असं लिहा, की तोंड बंद करण्यापूर्वी आत हात घालून पाहा."

गच्चीवर जो आरडाओरडा झाला त्याने आळी झोपेतून उठली. समोरचा बाहेर येऊन विचारू लागला, की दुपारच्या वेळी कोण मेलं. "कुणी नाही! सहा जन्मलेत!" बाई वरून ओरडल्या.

कर्णे मात्र पुण्यात घडणार नव्हते. ते किटवेतच, तिथल्या कारागिरांनी, तिथल्या तांब्याचे करायचे, हे मुलेंगाबाईंनी शेवटी स्पष्ट केलं होतं. रामदास जरासा हिरमुसला. बाई मात्र म्हणाल्या, "बरोबरच आहे. लेकीच्या घरचा स्वयंपाक आपण किती दिवस पाठवायचा?" मग पावसाळाभर रामदास फोनवरून सांधे कसे झाळायचे ते शिकवत राहिला. बाई फोन धरायच्या, पलीकडे चिलेशे धरायची. रामदासला इंग्रजी येत नव्हतं आणि त्या कारागिरांना मराठी, पण ठोका चुकला की दोन्हीकडचे एकाच वेळी 'च्' करायचे.

दसऱ्याच्या सुमारास बाईंच्या फोनवर एक चित्र आलं. सपाट रेघ, आणि तिच्यावर टेकडी. शेजारी शाळेच्या अंगणात उभं असलेलं नरसाळं. त्यावर मठारही होता, जरा वेडावाकडा. बाईंनी आमोदला हाका मारून खाली बोलावलं.

"हीच ना ती? आपली?"

आमोदने चित्र मोठं करून खालचे आकडे दोनदा वाचले.

"नाही काकू. ही आपली टेकडी नाही. हा आकाशगंगेचा दक्षिणेकडचा भाग आहे. आपल्याकडून तो जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि इमारतींमागे जातो. त्यांच्याकडे तो चांगला उंच येतो. आपल्या गच्चीवरून हे कधीच ऐकू आलं नसतं."

हेमलताबाईंनी फोन हातात घेतला आणि ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली.  मग त्या दुकानात गेल्या, रामदासच्या हातातली हातोडी बाजूला केली आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"बघा," त्या म्हणाल्या. "हे आता त्यांच्याकडून आलंय."